देवाचा न्याय आणि देवाची दया: हिब्रू संदेष्ट्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलच्या जुन्या करारातली (म्हणजे ज्यू शास्त्रातली) यशया, यिर्मया, आमोस, होशे वगैरे संदेष्ट्यांची पुस्तकं वाचायला घेतली की बरेच जण पहिल्या काही पानांतच थांबतात, कारण नुसती आग, तलवार, दुष्काळ आणि शाप असंच दिसतं, आणि मग विचारतात की हे काय आहे, असा कसा देव. जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. काही ठिकाणी माझं स्वतःचं मत दिसेल, ते मी मुद्दाम लपवलेलं नाही.

संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा ना?

आपल्याकडे भविष्य म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं तसं अजिबात नाही. संदेष्टा बोलतो ते आजबद्दल, तुम्ही आत्ता जे करताय ते असंच चालू राहिलं तर पुढे हे होणार आहे, म्हणून आत्ताच वळा, असं. उद्याची गोष्ट आजच्या वागण्याला जोडलेली असते आणि ती जोडणी सोडून नुसती भविष्यवाणी वाचली की सगळं गणित चुकतं. आणि ही माणसं एका छापाची नव्हती, यशयाचं राजांपर्यंत जाणं-येणं होतं, यिर्मया अनाथोथ गावच्या याजक (पुरोहित) घराण्यातला, यहेज्केलही याजक पण परक्या देशात नेलेला, आणि आमोस तर तकोवाचा मेंढपाळ. उत्तरेच्या राज्यातल्या बेथेलच्या याजकाने, अमस्याने, आमोसला सांगितलं की तू तुझ्या यहूदात (दक्षिणेच्या राज्यात) जा आणि तिथे बोलून पोट भर, तेव्हा तो म्हणाला मी काही संदेष्टा नाही की संदेष्ट्याचा मुलगा नाही, मी गुरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा, देवाने मला कळपामागून उचललं.

ही पुस्तकं नक्की कोणती आणि कधीची?

ज्यू परंपरेत शास्त्राचे तीन भाग आहेत, तोरा (म्हणजे मोशेची नियमशास्त्राची पाच पुस्तकं), संदेष्टे आणि लेख. आपण इथे बोलतोय ते यशया, यिर्मया, यहेज्केल आणि बारा छोटे संदेष्टे यांच्याबद्दल. बरोबर विलापगीतही (यरुशलेमच्या नाशावरची शोकगीतं) घेतलंय, ते ज्यू क्रमात तिसऱ्या भागात येतं पण त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तारखा तीनच लक्षात ठेवा. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने (असिरियाने) उत्तरेचं इस्राएल राज्य आणि त्याची राजधानी शोमरोन संपवली. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) नबुखद्नेस्सर राजाने दक्षिणेच्या यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम आणि तिथलं मंदिर जाळलं आणि लोकांना बाबेलला बंदिवासात नेलं. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाच्या (इराणच्या) कोरेश राजाने बाबेल घेतलं आणि त्यानंतर बंदिवासातल्या लोकांना परत जाता आलं. जवळजवळ सगळे संदेष्टे या तीन तारखांच्या आगेमागे उभे आहेत, कोण कुठल्या बाजूला उभा राहून बोलतोय हे कळलं की निम्मं कोडं सुटतं.

देवाला एवढा राग कशाचा येतो? मूर्तिपूजेचाच ना?

मूर्तिपूजा आहेच, होशे आणि यिर्मया त्यावर खूप बोलतात, पण फक्त तेवढंच धरलं तर आमोससारखं पुस्तक हातातून निसटतं. आमोसचा काळ म्हणजे दुसऱ्या यराबामाचा, इ.स.पू. आठव्या शतकाचा मधला भाग, उत्तरेच्या राज्यात पैसा आलेला, सीमा वाढलेल्या, श्रीमंतांच्या घरात हस्तिदंती पलंग (शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंताचे कोरीव तुकडे खरंच सापडलेत). आणि त्याच वेळी बाजारात काय चाललंय ते आमोस दुकानदाराच्या तोंडूनच ऐकवतो: अमावास्येचा सण कधी संपतो, शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) कधी संपतो, म्हणजे आपल्याला धान्य विकायला काढता येईल, माप लहान करू, वजन जड करू, तराजूत खोट ठेवू आणि गव्हाचं झाडलेलं भुसकटही विकून टाकू. माणूस उपासनेला बसलाय पण डोक्यात मापात मारायचा हिशोब चाललाय. गरिबाला जोडाभर चपलांसाठी विकतात, हेही तोच म्हणतो.

अजून एक ओळ आहे जी पटकन नजरेतून सुटते. आमोस म्हणतो की हे लोक गहाण घेतलेल्या कपड्यांवर वेदीशेजारी लोळतात. यात काय एवढं असं वाटेल, पण तोराचा नियम होता की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत द्या, कारण त्याच्याकडे अंगावर घ्यायला तेवढंच आहे, तो रात्री झोपणार कशात? आणि तो माझ्याकडे ओरडला तर मी ऐकेन, असं देव तिथे म्हणतो. १९६० साली इस्राएलच्या किनाऱ्यावर मेसाद हशाव्याहू नावाच्या जुन्या किल्ल्यात एक खापर सापडलं, इ.स.पू. सातव्या शतकाच्या शेवटचं, त्यावर शाईने हिब्रूत एका कापणी करणाऱ्या मजुराचा अर्ज लिहिलाय. मी माझं ठरलेलं काम पूर्ण केलं, धान्य कोठारात टाकलं, तरी होशायाहू नावाच्या माणसाने माझा कपडा काढून नेला, माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे सगळे माझ्या बाजूने साक्ष देतील, साहेब माझा कपडा परत मिळवून द्या. आमोसनंतर शंभरावर वर्षांनी आणि दुसऱ्या राज्यात, तरी भांडण त्याच कपड्याचं.

हे वाचल्यावर मला देवाच्या रागाबद्दल वेगळंच दिसायला लागलं. त्या मजुराचा कपडा गेला, अधिकारी ऐकेल की नाही माहीत नाही, अशा वेळी देवाला काहीच वाटलं नाही असं जर शास्त्रात लिहिलं असतं तर तो दयाळू देव झाला असता का? आमोसमधला राग कुणाच्या तरी बाजूने आहे. ज्याला तो राग लागतो त्याला ती शिक्षा दिसते, ज्याचं पांघरूण गेलंय त्याच्यासाठी तीच दया आहे. संदेष्ट्यांमधला न्याय आणि दया यांचं नातं मला तरी इथेच पहिल्यांदा नीट कळलं आणि खालची बरीच उत्तरं यावरच उभी आहेत.

निवडलेली प्रजा म्हणजे त्यांना थोडी सूट असेल?

उलट. आमोस पहिल्या दोन अध्यायांत दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी एकेका शेजाऱ्याची पापं मोजतो, ऐकणारे खूश झाले असतील, आणि मग यहूदा आणि शेवटी थेट इस्राएलवर येतो आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबतो. पुढे तर सरळ म्हणतो, पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांपैकी मी तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्या पापांचा जाब तुम्हाला विचारणार. जवळचे आहात म्हणून जबाबदारी जास्त. नवव्या अध्यायात अजून एक धक्का आहे, तुम्हाला मिसरातून आणलं तसं मी पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून आणलं नाही का, म्हणजे ज्यांना तुम्ही शत्रू म्हणता त्यांचाही इतिहास माझ्याच हातात आहे. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून म्हणतो की ‘परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर’ असं घोकून काही होणार नाही, शिलो इथे माझं ठिकाण होतं त्याचं काय झालं ते जाऊन बघा. त्याबद्दल त्याला जवळजवळ मारून टाकणार होते.

शिक्षा सांगितली म्हणजे ती होणारच का? मग पश्चात्तापाचा उपयोग काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि याचं उत्तर संदेष्ट्यांनीच दिलंय. यिर्मयाच्या १८व्या अध्यायात तो कुंभाराच्या घरी जातो, चाकावरचं भांडं बिघडतं, कुंभार त्याच मातीचं दुसरं करतो, आणि देव म्हणतो की मी एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असं बोललो आणि ते राष्ट्र वाईटापासून वळलं तर मी ठरवलेलं अरिष्ट आणणार नाही. उलटंही खरं, चांगलं करीन असं बोललो आणि ते बिघडले तर तेही बदलेल. म्हणजे इशाऱ्यात एक ‘जर’ कायम आहे, तो शब्द लिहिलेला नसला तरी.

हे नुसतं तत्त्व नाही, घडलेलं उदाहरण आहे. मीखाने हिज्कीया राजाच्या काळात सांगितलं होतं की सियोन (यरुशलेमचा डोंगर) शेतासारखा नांगरला जाईल आणि यरुशलेम ढिगारा होईल. नंतर जवळपास शंभर वर्षांनी यिर्मयावर खटला चालू असताना काही वडीलधारे उठून नेमकं तेच वाक्य सांगतात आणि म्हणतात, तेव्हा हिज्कीयाने मीखाला मारलं का? त्याने देवाची विनवणी केली आणि अरिष्ट टळलं. आता बघा, मीखाचं बोलणं त्या वेळी खरं झालं नाही, तरी कुणी त्याला खोटा म्हटलं नाही, उलट त्याचं ऐकलं म्हणून शहर वाचलं असं लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलं. घाटात धोकादायक वळणाचा बोर्ड लावणाऱ्याची इच्छा गाडी दरीत जावी अशी नसते, तसंच हे.

आणि ऐकलं नाही तर काय होतं तेही यिर्मयाच्या ३६व्या अध्यायात आहे. देव यिर्मयाला सांगतो की आतापर्यंतचं सगळं एका गुंडाळीवर लिहून काढ, कदाचित लोक ऐकतील आणि वळतील म्हणजे मला त्यांना क्षमा करता येईल. हे ‘कदाचित’ माझ्या मनातून जात नाही, देवाच्या तोंडी कदाचित. त्याचा लेखनिक बारुख लिहून घेतो, मंदिरात वाचतो, मग ती गुंडाळी राजा यहोयाकीमापर्यंत जाते. हिवाळ्याचे दिवस, राजा हिवाळी महालात शेगडीसमोर बसलेला, एक अधिकारी तीन-चार रकाने वाचतो की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापून निखाऱ्यांवर टाकतो, परत तीन-चार रकाने, परत चाकू, अशी अख्खी गुंडाळी जळते. कुणी घाबरलं नाही, कुणी कपडे फाडले नाहीत असं तिथे मुद्दाम लिहिलंय. क्षमेसाठी पाठवलेला कागद होता तो. मग यिर्मया बारुखला परत सगळं सांगतो आणि दुसरी गुंडाळी लिहून होते, तीत अजून भर पडते.

योनाला निनवे वाचली म्हणून राग का आला? आनंद व्हायला नको?

गोष्ट अशी: देवाने योनाला निनवेला इशारा द्यायला पाठवलं, तो आधी उलट्या दिशेला पळाला, शेवटी गेला, निनवेचे लोक वळले आणि शहर वाचलं. त्याला राग आला कारण निनवे अश्शूरची होती, आणि ज्यांच्या हातात हे पुस्तक पडलं त्यांना अश्शूरने उत्तरेच्या राज्याचं काय केलं ते पुरतं माहीत होतं. योनाला लोक हसतात, माशाच्या पोटातला माणूस म्हणून लहान मुलांच्या गोष्टीत टाकतात, पण त्याची अडचण खरी आहे. तो चौथ्या अध्यायात सरळ सांगतो की मी तार्शीशला पळालो ते याच कारणासाठी, तू कृपाळू आणि दयाळू देव आहेस, राग करायला मंद आहेस, अरिष्ट आणायचं टाळतोस हे मला आधीच माहीत होतं. ही ओळ त्याने मनाने बनवलेली नाही, निर्गम (तोरातलं दुसरं पुस्तक) ३४ मध्ये सीनाय डोंगरावर देवाने स्वतःची जी ओळख करून दिली त्यातली आहे, तिथे ती इस्राएलसाठी सांत्वन होती आणि योना तीच ओळ तक्रार म्हणून वापरतो. आमच्यासाठी दया ठीक आहे, त्यांच्यासाठी कशाला!

मग देव योनाच्या डोक्यावर सावलीचं झाड वाढवतो, अळी लागून ते वाळतं, गरम वारं सुटतं, योना त्या झाडासाठी हळहळतो, आणि शेवटी देवाचा प्रश्न: ज्या झाडासाठी तू काही कष्ट केले नाहीस त्याचा तुला कळवळा, मग उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी गुरंढोरं असलेल्या या शहराचा मला येऊ नये? पुस्तक तिथेच संपतं, योनाचं उत्तर नाही. तरी एक गोष्ट सोडू नये, बारा छोट्या संदेष्ट्यांत नहूमही आहे आणि त्याच्या पुस्तकात त्याच निनवेचा नाश आहे, इतिहासात ती इ.स.पू. ६१२ मध्ये पडली. नहूमही निर्गम ३४ चीच ओळ घेतो पण दुसरा भाग पुढे करतो, परमेश्वर रागाला मंद आहे पण अपराध्याला मोकळा सोडणार नाही. दोन्ही पुस्तकं शास्त्रात शेजारी-शेजारी ठेवली आहेत, फक्त मीखा मध्ये आहे, आणि एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही.

होशेमध्ये देव नवऱ्यासारखा का बोलतो? वाचताना त्रास होतो.

त्रास व्हायलाच हवा. होशेचं गोमरशी लग्न होतं, मुलांची नावंही भयंकर ठेवलीत, एका मुलीचं लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया नाही ती, आणि दुसऱ्या अध्यायात बायकोला उघडी करीन, तिची वाट काट्यांनी अडवीन अशी भाषा आहे. यहेज्केल १६ आणि २३ तर त्याहून कठीण. काही जण म्हणतात ते फक्त रूपक आहे, सोडून द्या. मला तसं सोडून देता येत नाही, कारण घरात मार खाणाऱ्या बाईने हे वाचलं तर तिला काय ऐकू येईल हा विचार केलाच पाहिजे, आणि या ओळी दाखवून कुणी नवऱ्याच्या हाताला देवाचा आधार देत असेल तर ते चूकच आहे, कारण रूपकात दोषी ठरवलेत ते सत्तेवर बसलेले पुरुष, याजक आणि राजे.

पण होशे दुसऱ्या अध्यायात संपत नाही. ११व्या अध्यायात चित्र बदलतं, आता देव लेकराला चालायला शिकवणारा, हाताला धरणारा, वाकून भरवणारा. आणि मग मध्येच शिक्षेचं वाक्य तुटतं आणि देव म्हणतो, एफ्राईमा (म्हणजे उत्तरेच्या इस्राएला), तुला मी कसं सोडून देऊ, माझं काळीज आतल्या आत उलटलंय, मी माझा राग भडकू देणार नाही, कारण मी देव आहे, माणूस नाही. माणूस असतो तर सूड घेतला असता, असा त्याचा अर्थ. सगळ्या संदेष्ट्यांत मला हीच जागा सगळ्यात खोल वाटते.

बापाने पाप केलं तर मुलाला शिक्षा, हे बरोबर आहे का?

हाच प्रश्न बाबेलमधल्या बंदिवानांनी यहेज्केलला विचारला. त्यांच्यात म्हण पडली होती, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. यहेज्केल १८ मध्ये देव म्हणतो ही म्हण बंद करा, जो पाप करतो तोच त्याचा जबाबदार. आणि त्याच अध्यायात, दुष्टाच्या मरणात मला काय आनंद, त्याने वळावं आणि जगावं हेच मला हवं. निर्गम ३४ मध्ये तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत अपराधाचा हिशोब घेतो असं आहे हे खरं, आणि दोन्ही वाक्यांत ताण आहे हेही खरं. मला वाटतं पिढ्यांना परिणाम भोगावे लागतात हे पहिलं सांगतं, मागच्यांच्या पापामुळे तुझा रस्ता बंद झालेला नाही हे दुसरं. घर जळालेल्या, देशाबाहेर नेलेल्या माणसाला दुसरं ऐकायची जास्त गरज होती.

मग लहान मुलं का मेली? त्यांचा काय दोष?

याचं उत्तर संदेष्टे देत नाहीत आणि मीही देणार नाही. विलापगीत वाचा, दुसऱ्या अध्यायात लेकरं आईला विचारतात धान्य कुठे आहे आणि आईच्या कुशीत प्राण सोडतात. तिथे कवी यरुशलेमचं पाप मान्य करतो, तरी देवाला थेट म्हणतो, बघ, तू हे कुणाला केलंस? तिसऱ्या अध्यायात त्याची करुणा रोज सकाळी नवी असते ही प्रसिद्ध ओळ आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापतात ती, पण पुस्तकाचा शेवट तिच्यावर नाही, शेवट आहे तो तू आम्हाला पुरतं टाकूनच दिलंस का अशा भीतीवर. ज्यू लोक मोठ्याने वाचताना शेवटच्या ओळीनंतर आधीची ‘आम्हाला तुझ्याकडे परत वळव’ ही ओळ पुन्हा म्हणतात, म्हणजे वाचन त्या भीतीवर थांबू नये. हबक्कूकही देवाशी भांडतो, आमच्याहून दुष्ट लोकांच्या हातून आम्हाला शिक्षा, हा कुठला न्याय? असं भांडण शास्त्रात ठेवून घेतलंय, गाळलेलं नाही, याचा अर्थ ते करायला परवानगी आहे.

अश्शूर आणि बाबेल जर देवाच्या हातातली काठी, तर त्यांना शिक्षा का?

यशया १० बघा. अश्शूर माझ्या रागाची काठी आहे असं म्हटलंय, पण लगेच पुढे, अश्शूरच्या मनात मात्र तसं काही नाही, त्याला फक्त राष्ट्रं संपवायची आहेत, आणि कुऱ्हाड कधी तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारते का? बाबेलला यशया ४७ मध्ये सांगितलंय, मी माझ्या लोकांवर रागावलो होतो, त्यांना तुझ्या हाती दिलं, पण तू त्यांच्यावर दया केली नाहीस, म्हाताऱ्यांच्या मानेवरही जू भारी केलंस. म्हाताऱ्यांचा खास उल्लेख आहे, इतक्या बारकाईने नोंद ठेवलेली. दुसऱ्याला शिक्षा देण्याचं काम माझ्याकडे आलंय असं ज्याला वाटतं त्याने हा अध्याय आधी वाचावा.

दया मिळाली म्हणजे शिक्षा माफ झाली, असंच ना?

नाही, आणि याच ठिकाणी खोट्या संदेष्ट्यांचा आणि खऱ्यांचा रस्ता वेगळा होतो. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर म्हणाला, दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, आणि बाबेलची सत्ता मान्य करा याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू घेऊन मोडून दाखवलं. लोकांना नक्कीच बरं वाटलं असेल. यिर्मया म्हणाला आमेन, तसं होवो, पण पुढे त्याला सांगावं लागलं की तू यांना खोट्यावर विसंबायला लावतोयस. बंदिवानांना त्याने पत्र पाठवलं त्यात तर सांगितलं, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षांचा मामला आहे.

आणि तरी याच यिर्मयाने शेत विकत घेतलं. बाबेलची फौज यरुशलेमला वेढा घालून बसलीय, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत, आणि चुलतभाऊ हनामेल येतो, अनाथोथचं माझं शेत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ शहराबाहेर, म्हणजे जमीन बहुतेक शत्रूच्या ताब्यातच. यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, आजच्या हिशोबाने साधारण दोनशे ग्रॅम, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, आणि बारुखला सांगतो की दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे बरेच दिवस टिकतील, या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे परत विकत घेतले जातील. व्यवहार झाल्यावर तो स्वतःच देवाला विचारतो, शहर पडतंय आणि तू मला शेत घ्यायला लावलंस? शहर पडलंच. जळलंच. वचन होतं ते त्याच्या पलीकडचं.

जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, हे खरं आहे का?

हे आमच्या चर्चमध्येही ऐकू येतं आणि ऐकलं की मला वाईट वाटतं. वर होशे ११ आणि योना ४ आलंच आहे, त्यात मीखाचा शेवट घाला, तुझ्यासारखा देव कोण, तू आमची सगळी पापं समुद्राच्या तळाशी टाकशील, आणि यशया ४९, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल एक वेळ पण मी तुला विसरणार नाही. हे सगळं हिब्रू शास्त्र आहे. येशू स्वतः ज्यू होता आणि ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे त्याने होशेतून घेतलेलं वाक्य. शिवाय न्यायाची कडक बोलणी नव्या करारातही कमी नाहीत. या वाक्यामुळे ज्यू लोकांबद्दल आणि त्यांच्या धर्माबद्दल शतकानुशतकं तुच्छतेने बोललं गेलं, म्हणून ते निष्पाप वाक्य समजू नका.

ज्यू लोक आज हे कसं वाचतात?

कॅलेंडरमध्येच बसवलंय त्यांनी. आव महिन्याच्या नवमीला, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येते, मंदिराच्या नाशाचा उपास असतो, जमिनीवर किंवा बुटक्या बैठकीवर बसून विलापगीत वाचतात. त्याआधीच्या तीन शब्बाथांना इशाऱ्याचे पाठ, आणि नंतर सलग सात शब्बाथ यशयाच्या ४०व्या अध्यायापासून पुढचे सांत्वनाचे पाठ, म्हणजे दुखाला तीन आठवडे आणि दिलाशाला सात. योम किप्पूर या मोठ्या उपासाच्या दुपारी योनाचं पूर्ण पुस्तक वाचतात. क्षमेच्या प्रार्थनांमध्ये निर्गम ३४ ची ती ओळख परत परत म्हणतात पण दयेपाशीच थांबतात, शिक्षेचा पुढचा भाग त्या प्रार्थनेत घेत नाहीत.

आणि हे काही आपल्यापासून लांब नाही. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची, आपल्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणायचे, बोलीच मराठी, एलियाहू हनबी (बायबलमधला एलिया) त्यांचा लाडका संदेष्टा आणि त्याच्या नावाने मलिदा करतात. त्यांच्यात शास्त्रातल्या गोष्टींवर मराठी कीर्तनंही व्हायची. मुंबईतलं त्यांचं सगळ्यात जुनं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेलं, त्याचं नाव शारे हारहमीम म्हणजे दयेचं दार, आणि जवळच्या मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये निघालं.

पूर आला, भूकंप झाला, साथ आली की देवाची शिक्षा म्हणावं का?

माझं उत्तर नाही. आमोस ४ मध्ये दुष्काळ, टोळ, रोगराई यांचा अर्थ लावलाय हे मला माहीत आहे, पण संदेष्टे काय करत होते ते बघा: ते स्वतःच्या लोकांना बोलत होते, गुन्ह्याचं नाव घेऊन बोलत होते, बलवानांच्या तोंडावर बोलत होते आणि त्यासाठी मार खात होते. यिर्मयाला चिखलाच्या हौदात सोडलं, उरीया नावाच्या संदेष्ट्याला मिसरातून धरून आणून मारलं. आपण घरी सुरक्षित बसून, ज्यांचं सगळं वाहून गेलंय अशा परक्या लोकांकडे बोट दाखवून म्हणायचं की त्यांच्या पापाचं फळ, यात यातलं काय आहे? आमोसला टोळांचा आणि आगीचा दृष्टान्त झाला तेव्हा त्याचं पहिलं तोंडातून निघालेलं वाक्य होतं, प्रभू क्षमा कर, याकोब (म्हणजे इस्राएल) कसा तग धरेल, तो किती लहान आहे. आणि दोन्ही वेळा देवाने ते थांबवलं. ज्याला शिक्षेबद्दल बोलायचंय त्याने आधी असं मध्ये पडायला शिकावं.

सुरुवात कुठून करू?

आमोसपासून, नऊच अध्याय आहेत, एका बसणीत होतात. मग होशे १ ते ३ आणि लगेच ११, मधलं नंतर. मग योना आणि त्याच दिवशी नहूम, नहूम एकटा वाचू नका. यिर्मया पूर्ण वाचायचा तर काळाच्या क्रमाने नाहीये म्हणून गोंधळ होतो, त्यापेक्षा १८, २६, २८, २९, ३२, ३६ एवढे अध्याय आधी घ्या. यशया ४० ला यायच्या आधी विलापगीत नक्की वाचा, ‘माझ्या लोकांचं सांत्वन करा’ हे कुणाला म्हटलंय ते माहीत असू द्या. बरोबर एक साधा नकाशा ठेवा, शोमरोन, यरुशलेम, निनवे (आजच्या मोसुलजवळ) आणि बाबेल एवढी चार ठिकाणं सापडली तरी पुरे, आणि प्रत्येक शिक्षेच्या अध्यायात कुणावर अन्याय झालाय ते शोधून पेन्सिलीने खूण करत जा.